नऊचा गजर

५ फेब्रुवारी

चि. भिंगूबाई,

आशीर्वाद. आता एकेकाची तब्येत सांग. तुझ्या आईचा डावा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून आपल्या थोरल्या भावाच्या तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या दिसायला लागल्या, असं ती परवा चारचौघांत म्हणाली, म्हणजे डोळा उत्तमच असणार. तरी विचारतो. विहीणबाईंचा गुडघा? जावईबापूंची कंबर? लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम करणाऱ्या माणसानं पट्टा बांधावा, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. तुमची ती कानतुटकी मांजर? आणि सगळ्यांत शेवटी तू. रविवारी तू मला सुकलेली वाटलीस. मामी म्हणते, ‘‘तुम्हाला सगळेच सुकलेले वाटतात. जन्मभर पाट्या वाळत घातल्यात ना.’’

आम्ही दोघं ठीक. माझा उजवा कान आता कायमचा संपावर गेलाय. फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनानं जुळवतो, आणि त्यातून भांडणं होतात. म्हणून पत्रच बरं.

रविवारी तुम्ही सगळी भाचरं आलात म्हणून दुकान एका दिवसात रिकामं झालं. चव्वेचाळीस वर्षं मी तिथे पाट्या रंगवल्या, अक्षरांवर सोन्याचा वर्ख चढवला. भिंतीवरच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. ब्रश, पट्ट्या, चौकटी ज्याला हव्या त्यानं नेल्या. ज्या भिंगावरून तुझं नाव पडलं ते मात्र मी कुणाला दिलं नाही. चार वर्षांची होतीस तेव्हा दिवसभर ते डोळ्याला लावून मुंग्या बघायचीस.

एक तक्रार आहे. सकाळी नऊच्या ठोक्याला, आपण ती मोठी पाटी भिंतीवरून उतरवत असताना, तुझ्या पर्समधला फोन कोकलायला लागला. माझ्या कानालासुद्धा ऐकू आला, म्हणजे बघ. तू बंद केलास. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा बंद. मी विचारलं तर म्हणालीस, ‘‘ऑफिसचं आहे मामा, राहू दे.’’ पण त्यानंतर दिवसभर तू दुकानामागच्या आमच्या पाहुण्यांनी भरलेल्या खोल्यांतून नुसती येरझारा घालत होतीस. न्हाणीघरापुढे रांग, आतल्या खोलीत पोरं चौकटी गुंडाळत बसलेली, तुला टेकायलाही जागा नव्हती. तुझ्या त्या लॅबवाल्यांना रविवारीसुद्धा चैन पडत नाही का?

आणि तू तिथे करतेस तरी काय? कुणी विचारलं तर मी ‘‘काहीतरी तपासते’’ एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. एकदा नीट लिही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण समजून घ्यायला मी हट्टी आहे.

तुझा,
मामा

१ मार्च

ती. मामांस नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. आईचा डोळा छान आहे. आता ती माझ्या स्वयंपाकघरातली धूळ बघते. सासूबाईंचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही. ह्यांच्या कंबरेसाठी पट्टा आणला, तो कपाटात आराम करतो. मांजर कान सोडून सगळीकडून ठणठणीत. मी बरी.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, फक्त वाचताना लाजू नका.

गर्भाशयाला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, तयार होतं, आणि कुणी राहायला आलं नाही तर गळून जातं. काही बायकांना दिवस राहत नाहीत, तेव्हा गर्भ बाहेर काचेच्या बशीत तयार करतात आणि पाच दिवसांचा झाला की आत ठेवतात. तो अस्तरात रुजायला हवा. पण गर्भ कितीही चांगला असला तरी अस्तर त्याला केव्हाही धरत नाही. महिन्यातला एखाद-दोन दिवसांचा काळच तसा असतो. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. हे वरून बघून कळत नाही. अस्तराची जाडी मोजता येते, पण जाड अस्तर म्हणजे तयार अस्तर असं नसतं.

मग कळतं कसं? शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. अस्तरात आज ही चालू आणि ती बंद, उद्या उलटं. जे जनुक चालू असतं त्याच्या नकला पेशीत तयार होत राहतात. अस्तराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन आम्ही दोन-अडीचशे जनुकांच्या नकला मोजतो. कुठल्या वाढल्या, कुठल्या उतरल्या, यावरून सांगतो की हे अस्तर अजून कच्चं आहे, तयार आहे, की त्याची वेळ टळून गेली. सगळे डॉक्टर ही तपासणी मानत नाहीत. आमच्या लॅबच्या मोठ्या बाईसुद्धा हात राखून बोलतात. ती कितपत खरी ठरते, हेच आम्ही साठ बायकांचे नमुने घेऊन बघतो आहोत.

त्यातल्या एका बाईचं सांगते. छत्तीस वर्षांची. तिचे तीन गर्भ तयार झाले, तिन्ही उत्तम. दोन ठेवले, वेगवेगळ्या वेळी. एकही रुजला नाही. तिसरा गोठवून ठेवलाय. तो शेवटचा, कारण तिच्या प्रकृतीकडे बघून डॉक्टरांनी नवे करायला नको म्हटलंय. म्हणून तो ठेवण्याआधी तिच्या अस्तराचा तुकडा तपासला. अस्तर तयार करणारं औषध सुरू केल्यापासून पाच दिवसांनी ते सहसा तयार असतं. हिचं पाच दिवसांनी कच्चं निघालं. अर्धा दिवस मागे! मामा, नुसता अर्धा दिवस! म्हणजे आधीचे दोन्ही गर्भ घाईनं ठेवले गेले होते. तिचं काही चुकलं नव्हतं, त्यांचंही नाही. आता एप्रिलमध्ये पाचऐवजी साडेपाच दिवसांनी ठेवायचा.

रिपोर्ट वाचून ती आमच्या जिन्यात बसून रडली म्हणे. आनंदानं.

मामीला नमस्कार.

तुमची,
भिंगू

९ मार्च

चि. भिंगू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामीनं तीनदा. एरवी ती माझ्या टपालाला हात लावत नाही. उत्तर लिहायला बसलो आणि ‘गर्भाशय’ हा शब्द सत्तर वर्षांत पहिल्यांदा कागदावर उतरवला. उतरवून चोरासारखं मामीकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘लिहा, लिहा. तुम्हीही तिथूनच आलात.’’

पण पोरी, तू जे लिहिलंस ते माझ्या ओळखीचं निघालं. वर्ख कसा लावतात, ते लहानपणी भिंगातून पाहिलंस, पण तेव्हा तुझं लक्ष मुंग्यांत. अक्षरावर आधी चिकटवणीचं तेल लावायचं. लगेच वर्ख ठेवला तर तो त्यात बुडतो, सोनं काळवंडतं. फार वेळ थांबलं तर तेल सुकतं, आणि वर्ख आपल्याच श्वासानं उडून नाकावर बसतो. मधला एक काळ असतो, तेव्हा तेल ना ओलं ना कोरडं. आम्ही त्याला ओढ म्हणतो. बोटाचं मागचं पेर हळूच टेकवून उचलायचं. बोटाला काही लागत नाही, पण सोडताना तेल किंचित धरून ठेवतं. बस, तीच ओढ. ती यायला दमट हवेत वेळ लागतो, कोरड्या हवेत ती लवकर येते. डोळ्यांना ओलं तेल आणि तयार तेल सारखंच दिसतं. तुम्ही दोन-अडीचशे नकला मोजता, मी एक पेर टेकवायचो. तुझं काम जास्त अवघड, मान्य.

एक शंका आहे, हसू नकोस. पाच दिवस, ते कुठून मोजले? सांगतो का विचारतो. पाटीच्या पाठीवर मी पेन्सिलीनं वेळ लिहायचो: तेल दहा वाजता. एकदा संगीतशाळेची पाटी होती. पाठीवर ‘दहा’ लिहिलं, ब्रश उचलला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि गप्पांत चाळीस मिनिटं गेली. मग तेल लावलं. पाठीवर दहाच राहिले. दुपारी एकला, तीन तास झाले म्हणून, पेरही न टेकवता वर्ख ठेवला आणि तो अख्खाच्या अख्खा बुडाला. वेळ मी काम करण्याआधी लिहिली होती, ही चूक माझी. पण मी तेलवाल्याशी भांडलो. सहा महिने त्याच्याशी बोललो नाही.

त्या बाईनं औषध नेमकं केव्हा घेतलं, हे तिच्या कागदाखेरीज कुणाला माहीत आहे का?

मामी म्हणते, जिन्यातल्या त्या बाईला सांगा, वेळेवर जेवत जा. मी म्हटलं, आपण कोण सांगणार? म्हणाली, ‘‘तुम्ही कळवा.’’ कळवलं.

मामा

१६ मार्च

ती. मामांस नमस्कार.

वर्खाचं वाचून मजा वाटली. मोठ्या बाईंनाही वाचून दाखवलं.

शंकेबद्दल. पाटी आणि बाईचं शरीर यांत फरक आहे, मामा. इथे गप्पा मारत कुणी काम करत नाही. नोंद माझ्यासमोर आहे. औषधाची पहिली मात्रा २ फेब्रुवारी, सकाळी नऊ, पुढच्या चौकोनात खूण केलेली. तुकडा घेतला ७ फेब्रुवारीला, सकाळी नऊ. पाच दिवस, मिनिटाचा फरक नाही. ती बाई शिस्तीची आहे आणि या कामातलं तिला कळतं. दोन वर्षं ती सुया, गोळ्या, तपासण्या यांच्या तालावर जगते आहे. तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की हे असं का झालं. तेवढं तरी तिच्याजवळ राहू द्या.

मला वाटलं होतं, तुम्हाला आनंद होईल.

तारीख ठरली आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, साडेपाच दिवसांच्या हिशेबानं.

भिंगू

२० मार्च

चि. भिंगू,

हे पत्र टाकावं की नाही यावरून दोन दिवस आमच्या घरात अबोला होता. मामी म्हणत होती, पोरीला स्वतः सांगू दे. मी म्हणत होतो, वेळ निघून जाईल. शेवटी काल संध्याकाळी तिनंच कागद आणून पुढ्यात ठेवला. म्हणून नाकावर राग असला तरी पूर्ण वाच.

२ फेब्रुवारीला रविवार होता. सकाळी नऊ वाजता तू माझ्या दुकानात पाटीचं एक टोक धरून उभी होतीस. दुसरं टोक माझ्या हातात होतं. गजर झाला तो तू बंद केलास. तिसऱ्यांदा झाला तेव्हा फोनच बंद करून टाकलास. त्यानंतर संध्याकाळी निघेपर्यंत तू दहा मिनिटंसुद्धा एकटी नव्हतीस. मी बहिरा आहे, आंधळा नाही.

मी जास्त विचारत नाही. बाई कोण तेही विचारत नाही. मामीला पहिल्या पत्रातच कळलं होतं. मला कळायला तारीख लागली, कारण पुरुषाची जात.

संगीतशाळेच्या पाटीची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. पुढचं सांगायची लाज वाटली. वर्ख बुडाला, पण काठाच्या उरलेल्या तेलाला एक चाळीसला ओढ आली, त्यावरून मी ठरवलं, या तेलाला तीन तास पुरत नाहीत, तीन तास चाळीस मिनिटं लागतात. मोठा शोध लावल्यासारखा खूश झालो. पुढच्या दोन पाट्यांना मोजून तेवढा वेळ दिला. दोन्हींचं तेल सुकलं, वर्ख उडून गेला. तेल बिचारं पहिल्यापासून ठीक होतं. चुकीच्या वेळेवरून मी नियम काढला, आणि नियमानं आणखी दोन पाट्या खाल्ल्या. माझ्याकडे तिसरी पाटी होती, चौथी होती. तुझ्याकडे एकच आहे, म्हणून लिहितोय.

आता एक घरातलं. आम्हाला मूल नाही, हे तू जन्मापासून बघतेस. का नाही, ते मला ठाऊक नाही. लोकांना मात्र ठाऊक होतं. हिची हाडं बारीक, ही दुकानात फार वेळ उभी राहते, हिला तेलाचा वास बाधला. मी कुणालाही गप्प केलं नाही. कारण मिळालं की माणूस निवांत होतो, आणि ते दुसऱ्याच्या नावावर असलं तर फारच निवांत. मी स्वतः कधी तपासून घेतलं नाही. हे मी मामीला मागच्या आठवड्यात पहिल्यांदा बोललो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मला माहीत होतं. तुम्ही केव्हा बोलता ते बघत होते.’’

तेव्हा चुकीचं कारण उराशी धरून बसू नकोस. ते उबदार असतं, पण कामाचं नसतं.

रागावलीस तरी दोन ओळी टाक.

मामा

२ एप्रिल

ती. मामा,

तुमचं पत्र लॅबच्या त्याच जिन्यात बसून वाचलं. पहिल्यांदा फाडावंसं वाटलं. मग कपाटातून माझा औषधाच्या नोंदीचा कागद काढून समोर ठेवला.

हो, मीच ती. सदतीस नंबरचा नमुना माझा आहे.

गजर औषधाचा होता. ते घेतल्यावर थोडा वेळ आडवं पडून राहावं लागतं. तुमच्याकडे त्या दिवशी तेवीस माणसं आणि न्हाणीघर एक. कुणाला काय सांगणार होते? आईलाही माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. फक्त ह्यांना, आणि ते त्या दिवशी कुठल्यातरी अडकलेल्या लिफ्टपाशी. घरी पोचून औषध घेतलं तेव्हा पुन्हा नऊ वाजले होते, पण रात्रीचे. दुसऱ्या सकाळपासून सगळं वेळेवर. कागदावर ‘सकाळी ९’ आधीच छापलेलं होतं आणि शेजारी रिकामा चौकोन. औषध तर घेतलंच आहे, असं म्हणून मी खूण केली.

मी विसरले नव्हते, मामा. हीच तर गंमत. औषध घेणाऱ्या मला वाटलं, एका मात्रेला उशीर झाला म्हणून काय होतंय. आणि लॅबमध्ये रिपोर्ट वाचणाऱ्या मला कागदावरची खूण म्हणजे खूण. दोघी एकाच खुर्चीवर बसायच्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या कुठल्या बाईनं असं केलं असतं तर मी तिला तासभर सुनावलं असतं.

तुकडा घेतला तेव्हा औषधाचे साडेचारच दिवस झाले होते. साडेचार दिवसांनी अस्तर अर्धा दिवस कच्चं, म्हणजे पाच दिवसांनी तयार. चारचौघींसारखं. साडेपाच दिवसांनी गर्भ ठेवला असता तर कदाचित वेळ टळली असती. कदाचित म्हणते, कारण खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बरं झालं आत्ता बोललात.’’ मग मोठ्या बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. सदतीस नंबरवर तांबडी रेघ मारली आणि विचारलं, ‘‘अशा आणखी किती खुणा असतील गं?’’ आम्ही उरलेल्या एकोणसाठ बायकांना फोन केले. आणखी चौघींनी वेळ मागेपुढे केली होती, आणि प्रत्येकीनं खूण केली होती. आता कागदावर छापील वेळ नाही. मोकळी जागा आहे, जिची तिनं घड्याळ बघून वेळ लिहायची.

सगळ्यात जड काय गेलं सांगू? आधीच्या दोन्ही वेळी मी औषध घरी, बरोबर नऊला घेतलं होतं. म्हणजे तेव्हा अस्तराची वेळ बरोबरच असणार. मग ते दोघं का रुजले नाहीत? डॉक्टर म्हणाले, ‘‘माहीत नाही.’’ एक कारण हातात आलं होतं, ते परत केलं. हात फार रिकामा वाटला. दोन दिवस ह्यांच्याशीही धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आईला आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. आई रडली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढंच ना? मला वाटलं, तू मांजरीला घराबाहेर काढतेस की काय.’’ मग त्याही रडल्या.

औषध १६ एप्रिलला, सकाळी नऊला सुरू. गर्भ २१ तारखेला, सोमवारी, सकाळी नऊला. पाच दिवस, ना कमी ना जास्त. तो गोठवलेल्या स्थितीतून बाहेर काढल्यावर नीट राहतो की नाही, हीही धाकधूक आहेच.

मामीला सांगा, जिन्यातली बाई वेळेवर जेवते.

तुमची,
भिंगू

२४ एप्रिल

चि. भिंगू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मामीनं मला चहात साखर दोनदा घातली आणि मी मुकाट्यानं प्यायलो.

१६ तारखेला नऊला आमच्याकडेही गजर लावला होता. मला ऐकू यावा म्हणून मामीनं घड्याळ पितळेच्या ताटात ठेवलं. शेजारचे विचारायला आले, काय पडलं? सोमवारी नऊला मात्र आम्ही दोघं नुसते खिडकीशी बसलो. साडेनऊला ती म्हणाली, ‘‘झालं असेल.’’ मी मान हलवली. बस, इतकंच. आमच्या अंगात मोठं काही करायची धमक आता नाही.

तू लिहिलंस, हात रिकामा वाटला. माझ्या बोटांकडे बघ एकदा. चव्वेचाळीस वर्षं सोनं हाताळलं, पण वर्ख कधी मुठीत धरता आला नाही. मूठ मिटली की त्याचा चुरा होतो. तो उघड्याच हातानं न्यायचा, श्वास आवरून. पुढे तो धरायचा की नाही, हे तेल ठरवतं. तुझ्या हातात होतं ते तू केलंस. खरी वेळ सांगितलीस. त्यानंतरचं काही तुझ्या माथी नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काहीही झालं तरी माझं हे वाक्य आधीच्या तारखेचं राहील.

आता एकेकाची तब्येत सांग. तुझ्या आईचा डोळा. रडून लाल केलाय का? विहीणबाईंचा गुडघा. जावईबापूंची कंबर, आणि पट्टा कपाटातून निघाला का तेही. मांजर. मग तू, नीट, सविस्तर, नुसतं ‘बरी’ नको.

आणि आज तारखेला तुझ्यात पाच अधिक तीन, आठ दिवसांचं कुणीतरी आहे. ते उद्या असेल की नाही मला माहीत नाही, तुलाही नाही. पण आज आहे, आणि माझ्या पत्रात मी घरातलं कुणी वगळत नाही. म्हणून विचारतो, त्याची तब्येत कशी आहे?

उत्तर काहीही असो, मला पत्रातूनच कळव, आणि तू स्वतः लिही. भिंग अजून माझ्या कपाटात आहे. कुणाला द्यायचं ते ठरवलेलं नाही.

मामा

६ मे

ती. मामा, ती. मामी,

तुमच्या क्रमानंच सांगते.

आईचा डोळा बरा आहे. लाल झाला होता, आता धुळीकडे परत लक्ष गेलंय.

सासूबाईंचा गुडघा मागच्या आठवड्यापासून उतरतानाही कुरकुरतो, कारण त्या दिवसातून चार वेळा काहीतरी घेऊन माझ्या खोलीत येतात आणि चार वेळा ‘‘सहज आले होते’’ म्हणून परत जातात.

ह्यांनी पट्टा बांधला. कुणी न सांगता. शनिवारी तपासणीचा रिपोर्ट आणायला ह्यांच्याच देखरेखीतल्या लिफ्टनं न जाता पाच मजले जिन्यानं चढून गेले. म्हणे, अडकलो असतो तर?

मांजर माझ्या पायाशी झोपते, उठवलं तर एकाच कानानं रागावते.

मी सविस्तर: झोप येते, भीती वाटते, लिंबाचा वास आवडतो, कुणी जोरात दार लावलं तर रडू येतं. दुपारी कामाला जाते. नव्या कागदांवर बायका आपापली वेळ लिहून आणतात. काल एकीनं लिहिलं होतं, ‘नऊ वाजून सव्वीस मिनिटं, नणंद आली होती’. मोठ्या बाई खूप हसल्या. मला ती ओळ कितीतरी वेळ बघत बसावंसं वाटलं.

आणि ज्याची तब्येत तुम्ही सगळ्यांत शेवटी विचारलीत ते आहे, मामा. शनिवारच्या रक्ताच्या तपासणीत दिसलं, सोमवारी पुन्हा केली तर आकडा दुपटीहून जास्त. फार लवकर आहे, डॉक्टर अजून हसत नाहीत, आणि वेळ बरोबर होती म्हणूनच रुजलं असं मी म्हणणार नाही. एका पाटीवरून नियम काढायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. का रुजलं, माहीत नाही. या वेळी ‘माहीत नाही’ म्हणताना हात रिकामा वाटत नाही.

उद्या काय होईल ते उद्या लिहीन. आज आहे.

भिंग पुसून ठेवा. आणि तुमच्या दोघांच्या तब्येतीचं काहीच लिहिलं नाहीत. ते लगेच लिहा, वाट बघते आहे.

तुमची,
भिंगू